गोवर निघून गेला होता

माझी बायको वनमाला मागच्या हंगामात उसाच्या फडात गेली. मोळी बांधायला तिनं पाचटात हात घातला आणि तिला पान लागलं. आमच्याकडं साप चावला असं तोंडातून काढत नाहीत, पान लागलं म्हणतात. भरायला लावलेला ट्रॅक्टर तसाच सोडवून तिला दवाखान्यात न्यायला निघालो, पण वाटेतच तिचं बोलणं बंद झालं आणि मग श्वासही. आमचा हनुमान तेव्हा बांधावर झोळीत झोपलेला होता. अंगावरच पीत होता अजून. तो उठून रडायला लागला तेव्हा त्याला काय द्यावं हे टोळीतल्या कुणालाच सुचेना.

तोडणी अर्ध्यात टाकून दोन्ही लेकरं घेऊन मी गावी आलो. नांदूरघाटापासून आमचं गाव जवळ आहे. घरी माझी माय केसरबाई होती. तिनं शेळीचं दूध पाजून हनुमानाला जगवला. पहिले काही दिवस तो वाटी ढकलून द्यायचा आणि मायच्या लुगड्याचा पदर ओढून शोधत बसायचा. मग हळूहळू वाटीला लागला.

मोठी सायली. तिच्या वेळी वनमाला पहिलटकरीण होती, म्हणून त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी ती तोडणीला आली नव्हती. गावातच होती, त्यामुळं पोरीच्या सगळ्या सुया वेळेवर झाल्या. हनुमानाच्या वेळी तसं झालं नाही. त्याच्या गोवराच्या सुईची वेळ आली तेव्हा आम्ही फडावर होतो आणि त्याच दिवसांत वनमाला गेली.

गावातली आशाताई वर्षाराणी पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या दारात आली.

"काकू, उद्या अंगणवाडीत सुया हायत. हनुमानाची गोवराची राहिलीय. घेऊन या."

"त्यानं ताप येतो ना?"

"येतो की थोडा. एखाद दिस."

"मंग रातभर रडंल. कुणाला धरून रडंल त्यो? तू येतीस का मांडीवर घ्यायला?"

"येते की काकू."

"आन् तुझ्या नवऱ्याला भाकर कोण दील? माझ्या दारात येऊन बोंबलायचा त्यो."

वर्षाराणी हसली, पण गेली नाही. माय मग नीट बोलली. "हे बघ पोरी, तुझं काम हाय, तू सांगतीस. पण बिनआईच्या लेकराला मुद्दाम ताप कावून आणायचा? जरा बाळसं धरू दे. मंग बघू."

पुढच्या महिन्यात ती परत आली तर मायनं खुंट्याच्या शेळीकडं बोट केलं. "हिला टोच. ही लई उड्या मारती."

मी तिथंच बसलेलो होतो. मायचं म्हणणं मलाही बरोबर वाटलं. पोरगं नुकतं कुठं रात्रीचं न रडता तिच्या कुशीत झोपायला लागलं होतं. त्याला सुई टोचून परत रडवायचं माझ्याही जिवावर आलं होतं. वर्षाराणीनं कधी भांडण केलं नाही. पाच-सहा गल्ल्या तिच्याकडं आहेत, प्रत्येक दारात ती किती वेळ उभी राहणार?

दसऱ्याच्या आधी गल्लीत गोवर आला. आधी शेजारच्या दोन लेकरांना, मग हनुमानाला. डोळे लाल झाले, नाक वाहायला लागलं, खोकला सुरू झाला आणि कानामागून पुरळ निघालं ते तोंडावर, पोटावर पसरलं. मायनं दाराला कडुलिंबाचा पाला बांधला, चपला बाहेर ठेवायला लावल्या आणि चुलीवरची फोडणी बंद केली. घरात बाई आलीय म्हणायची, बाई म्हणजे गोवराची देवी. बाई घरात असताना तेलाचा चर्रर आवाज नको, कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, आणि तिला न्हाऊ घालून वाटंला लावेपर्यंत दवाखाना नाही. हे तिच्या आईनं तिला शिकवलेलं, आणि माझा गोवर तिनं असाच काढलेला.

सायली मात्र हनुमानाच्याच गोधडीत झोपायची. त्याचं उष्टं दूध प्यायची. तिला नीट झोप लागायची, भूक लागायची, काही म्हणता काही झालं नाही.

वर्षाराणी दारातूनच बोलली. "सायलीला दोन्ही सुया दिल्यात काकू. तिला व्हणार न्हाई. हनुमानाला तेवढं दवाखान्यात दाखवा. गोवरात डोळ्यासाठी आन् ताकदीसाठी एक औषध देत्यात."

"तुझ्या सुईला बाई भिती व्हय गं?"

"भिती का न्हाई मला न्हाई म्हाईत. पण बघा, एका गोधडीत झोपत्यात दोघं. एकाला हाय, एकीला न्हाई."

"पोरीवर तिची मर्जी न्हाई बसली अजून. बसंल तवा येईल. कुणाला चुकलीय?"

हनुमानाला ताप फार चढला. तोंड आलं होतं, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. त्या दिवसांत मी घराच्या बाहेर गेलो नाही. वनमालेला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तिचं हे एवढंच मागं राहिलंय, तेही जातंय असं वाटायचं. सायली आहे, पण सायली आता माणूस झाली होती, स्वतःचं स्वतः खायची, बोलायची. हनुमानाला आई आठवतही नव्हती. तो जगला तरच वनमालेनं त्याच्यासाठी जे सोसलं त्याला काही अर्थ, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

मग पुरळ काळं पडलं आणि सुकलं. ताप उतरला. मायनं कडुलिंबाच्या पाण्यानं त्याला अंघोळ घातली, वेशीजवळच्या मरीआईला दहीभात नेऊन ठेवला. गल्लीतल्या बाया पोराला बघायला आल्या. सगळ्या एकच बोलल्या, आता सुटला, आता पक्का झाला. हनुमान हाडं मोजता यावीत एवढा बारीक झाला होता, पण दारात बसून शेळीच्या पिल्लाचे कान ओढत होता. त्या दिवशी घरात फोडणीचा वास आला आणि मी पोटभर जेवलो. वनमाला गेल्यापासून तसा जेवलो नव्हतो.

दिवाळी झाल्यावर तोडणीला जायची वेळ आली. एकट्या माणसाला तोडणीला कुणी नेत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची, दोघांनी वाहायची. एका कोयत्याला फडातली एक पात, म्हणजे उसाच्या ओळींचा एक पट्टा, तोडायला मिळतो. माझी धाकटी बहीण अंजना विधवा होऊन आमच्याकडंच आलेली. ती म्हणाली, मी येते. मुकादम भगवानराव घरी आला होता, त्यानं तोंड वाकडं केलं.

"बद्री, भाऊ-बहिणीचा कोयता म्या तरी न्हाई बघितला बे."

अंजना आतूनच बोलली, "उसाला काय कळतंय भगवानराव, कोण कुणाचा?"

तो हसला आणि कबूल झाला. लेकरं जवळ राहावीत म्हणून या खेपेला लांबच्या कारखान्याला जायचं नाही असं मी सांगितलं होतं. जिल्ह्यातच, धर्मापुरीच्या पलीकडं आमचा तळ पडणार होता.

आता प्रश्न लेकरांचा. मायचे गुडघे गेलेत. ती म्हणाली, "एक ठेवते. दोघं मला न्हाई झेपायची."

खरं तर धाकटं आजीकडं ठेवायचं आणि मोठं फडावर न्यायचं, अशी सगळ्यांची रीत आहे. मोठी पोरगी भाकरीला, पाण्याला कामाला येते. आमचंही तेच ठरलं होतं. पण तळावर टोळ्या यायला लागल्या तशी बातमी आली की तिथल्या लेकरांत गोवर आहे.

माय म्हणाली, "मंग पोरीला न्हाई न्यायचं. तिचा गोवर व्हायचा हाय अजून. तिथं उघड्यावर, थंडीत धरला तर कोण बघंल? हनुमानाचा तर निघून गेला. त्याला आता कशाची भीती? त्याला न्या."

अंजना म्हणाली, "लहान हाय गं माय त्यो."

"लहान हाय पण पक्का हाय."

वर्षाराणीनं सांगितलेलं मला आठवत होतं, सायलीला होणार नाही म्हणून. पण तिचं सांगणं एकीकडं आणि डोळ्यांनी बघितलेलं एकीकडं. गोवरातून पोरगं माझ्या डोळ्यांदेखत बाहेर आलं होतं. आम्ही तिघांनी बसून ठरवलं. कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही. सायली रडली, तिला यायचं होतं. हनुमान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अंजनाच्या मांडीवर बसून सगळ्यांना हात हलवत आला.

तळ म्हणजे माळावर ओळीनं मांडलेल्या कोप्या. बांबू वाकवायचे, वर कापड आणि पाचट टाकायचं. आमच्या शेजारची कोपी मुक्ताबाईची. ती, तिचा नवरा प्रविण आणि त्यांचं तीन वर्षांचं पोरगं. मुक्ताबाईच्या पोरालाही तळावर आल्या आल्या गोवर निघाला. अंजना हनुमानाला बेधडक त्याच्याजवळ बसवायची. एकदा झालेला परत होत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि झालाही नाही.

पण हनुमान भरला नाही. त्याला आधी हगवण लागली. ती थांबली की सर्दी. सर्दी गेली की कान फुटला. तळावरच्या सगळ्या लेकरांना सर्दी होती, त्यांची दोन दिवसांत जायची, ह्याची जायची नाही. आम्ही पहाटे फडाला निघायचो तेव्हा त्याला गोधडीत गुंडाळून बांधावर ठेवायचो. अंजना मोळी टाकून आली की त्याच्याकडं एकदा बघायची. तो कोयत्याला कोता म्हणायचा. उसाचं कांडं हातात दिलं की चोखायचा नाही, नुसतं धरून बसायचा.

धर्मापुरीत दवाखाना आहे तिथं दोनदा नेला. पातळ औषध दिलं, त्यानं बरं वाटलं. मी अंजनाला म्हणालो, "पक्का झालाय म्हणत होती माय. हे काय पक्कं?"

"थंडीचं हाय दादा. उन्हं तापली की व्हईल बरा."

उन्हं तापेपर्यंत तो राहिला नाही. एका सकाळी त्याच्या छातीतून आवाज यायला लागला. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. प्रविणनं मोटरसायकल काढली. मी मागं बसलो, पोरगं आमच्या दोघांच्या मधे. धर्मापुरीवाल्यांनी हात न लावता सांगितलं, अंबाजोगाईला न्या.

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात त्याला लगेच घेतलं. नाकाला नळी लावली, हाताला सुई लावली. हाताची शीर सापडत नव्हती तर पायाची शोधली. तिथली डॉक्टर वयानं सायलीच्या आईएवढीच असंल. तिनं विचारलं, "आधी काही मोठा आजार झाला होता?"

"न्हाई म्याडम. दसऱ्याच्या टायमाला गोवर आलता, पण त्यो निघून गेला."

तिनं लिहिणं सोडून वर बघितलं. "गोवराची लस दिली होती?"

"न्हाई."

"याची आई कुठंय?"

"गेली. मागच्या साली."

तिनं ते कागदावर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी हनुमानाला मोठ्या यंत्रावर घेतलं, आणि मी बाहेर बाकड्यावर बसलेलो असताना ती येऊन माझ्याशेजारी बसली. मी तिला म्हणालो, "म्याडम, गोवरातून बाहेर आलेलं लेकरू पक्कं होतं म्हणत्यात. आमी म्हणूनच याला घेऊन आलो. पोरीला घरी ठेवलं, तिला झाला नव्हता म्हणून."

"पोरीला लस आहे?"

"हाय. दोन्ही."

"मग ती सुरक्षित होती. तिला आणलं असतं तरी चाललं असतं." हे ती सहज बोलली आणि मग तिचं तिलाच वाईट वाटलं असावं. ती हळू बोलायला लागली. "गोवर पुन्हा होत नाही, हे तुमचं खरं आहे. तेवढ्यापुरता तो पक्का झाला. पण आपलं शरीर जन्मल्यापासून एकेक रोग ओळखायला शिकतं. सर्दी, हगवण, न्यूमोनिया. एकदा ओळखलं की पुढच्या वेळी लवकर मारतं. गोवर ती ओळख पुसून टाकतो. सगळी नाही, पण बरीच. पुढं कित्येक महिने, कधी दोन-तीन वर्षं, लेकराला सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं."

"म्हणजे नुकतं जन्मल्यावानी?"

"तसंच म्हणा. जन्मलेल्याला आईकडून आलेलं थोडं तरी असतं. ते काही महिने पुरतं."

वनमालेकडून आलेलं त्याचं कधीच संपलेलं होतं. त्यानंतर शेळीच्या दुधावर, मायच्या मांडीवर त्यानं स्वतःचं जे काही जमवलं होतं, ते गोवर घेऊन गेला.

"आन् सुईनं न्हाई का पुसत?" मी विचारलं.

"नाही. लस फक्त गोवराची ओळख करून देते. बाकीचं तसंच ठेवते."

ती उठून आत गेली.

हनुमान तिसऱ्या दिवशी गेला. नळ्या काढून त्याला माझ्या हातात दिला तेव्हा कान फुटलेल्या बाजूला कापूस तसाच होता. तो मी काढला.

त्याला गावी नेला आणि आमच्या तुकड्याच्या बांधाला मातीत ठेवला. वनमालेला मागच्या साली परक्या गावच्या मसणवट्यात जाळलेलं, त्यामुळं त्याला तिच्याजवळ ठेवता आलं नाही. माय ओट्यावर बसून होती. जे कुणी येईल त्याला ती सांगत होती, "त्याचा तर निघून गेलता. म्या सोता न्हाऊ घातलं. दहीभात नेला. त्याचा निघून गेलता." मी तिला डॉक्टरचं बोलणं सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "मंग बाईनं न्हाई नेला?"

"न्हाई माय. न्यूमोनियानं गेला."

"त्यो कशानं झाला?"

"गोवरानं अंग रिकामं केलतं."

"मंग बाईनंच की." ती परत ओट्याच्या कडेकडं बघायला लागली. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि मी काय म्हणत होतो ते तिलाही कळलं असावं. दोन्ही एकच निघालं. वर्षाराणी आली होती. ती कोपऱ्यात बायांत बसली, चहा कपांत ओतला, सगळ्यांना दिला आणि कप धुऊन गेली. सुईचं नाव तिनं काढलं नाही.

सायली मला चिकटूनच होती. मी परत निघालो तेव्हा म्हणाली, "पप्पा, आता मला न्या. आता जागा हाय की."

मी तिला नेली नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं चाललं असतं म्हणून, तरी नेली नाही. मायजवळ कुणीतरी पाहिजे होतं.

तळावर आलो तर अंजना काम करत होती. अर्ध्या कोयत्याचं काम एकटी ओढत होती. भगवानरावानं धीराचे दोन शब्द बोलून घेतले आणि म्हणाला, "ये बद्री, हात चालला म्हंजी डोकं थांबतं." मला तसं काही झालं नाही. हातही चालला आणि डोकंही.

दोन-चार दिवसांनी मी मुक्ताबाईच्या कोपीसमोरून जात होतो. तिचं पोरगं दारात बसून खोकत होतं. नाक वाहत होतं आणि एका कानात कापूस होता. मी थांबलो.

"मुक्ताबाई, ह्याला अंबाजोगाईला दाखवा."

"सर्दी हाय हो. सगळ्याच लेकरांना हाय."

"ह्याला गोवर होऊन गेलाय. त्यानंतर असंच व्हतं. हनुमानालाबी असंच…"

तिनं पोराला उचलून कडेवर घेतलं आणि त्याचं तोंड माझ्याकडून दुसरीकडं फिरवलं. "बद्रीभाऊ, तुमच्यावर लई वाईट आलंय. मला कळतंय. पण माझ्या लेकराचं असं अभद्र बोलू नका. त्याचा निघून गेलाय चांगला. पक्का हाय त्यो."

"म्या बी तेच म्हणत होतो."

"जावा तुमी," ती म्हणाली. रागानं नाही, भिऊन. त्यानंतर मी दिसलो की ती पोराला आत घ्यायची. ज्याच्या घरातली दोन माणसं एका वर्षात गेली त्याची सावली लेकरावर नको, असं तिला वाटत असंल. मला तिचा राग आला नाही. माझ्या वनमालेनंही तसंच केलं असतं.

पोराचा खोकला मात्र आमच्या कोपीत ऐकू यायचा.

मग एका दुपारी फडात प्रविण माझ्याजवळ आला. कोयत्याला धार लावत बसला आणि मान खालीच ठेवून बोलला, "बायकोला सांगू नको बे. कुठल्या वॉर्डात न्यायचं असतं?"

"लहान लेकरांच्या. गेल्या गेल्या सांगायचं, गोवर होऊन गेलाय. न इचारता सांगायचं."

"त्यानं काय व्हतंय?"

"त्यांना कळतंय काय बघायचं ते."

"आता थोडं कमी हाय त्याचं. काल जेवला जरा."

"हनुमानबी मधीच जेवायचा. आजच जा प्रविण."

"आज कसं? ट्रॅक्टर यायचाय. मुकादम म्हणतोय, पात अर्धी टाकून गेलास तर ती दुसऱ्याला दील. एवढी पात संपली की जातो."

मी भगवानरावाकडं गेलो. तो म्हणाला, "कारखान्यातून फोनावर फोन चालूयेत बद्री. मी कुणाकुणाला सोडू? तुला सोडलं होतं की."

सोडलं होतं, हे खरं होतं.

मी अंजनाला हाक मारली. प्रविणची पात लवकर संपावी म्हणून आम्ही आमची सोडून तिच्यात शिरलो. मुक्ताबाई दुसऱ्या टोकाला मोळ्या बांधत होती. तिनं आम्हाला बघितलं आणि पुढची मोळी बांधायला घेतली. पोरगं बांधावर गोधडीत होतं. मी खाली वाकून तोडायला लागलो. पातीचा शेवट कुठं आहे ते बघायला अंजना मोळीवर चढली आणि लगेच उतरली.

"किती हाय?" मी विचारलं.

"लई हाय दादा," ती म्हणाली आणि मोळी बांधायला बसली.